मनोऱ्याच्या सावलीत : चोळमंडल किनाऱ्यावरील मराठी

तंजावरहून दक्षिणेस निघाले की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरे हळूहळू मागे पडतात, ताड आणि नारळ वाढू लागतात आणि मल्लिपट्टिणमजवळ अकस्मात समुद्र समोर येतो. हा पाल्कचा उपसागर. येथे कोकणच्या किनाऱ्यावरील गर्जना नाही. पाणी उथळ, शांत. तळाशी सागरी गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर चरणाऱ्या समुद्रगाईसाठी 2022 साली येथे राखीव क्षेत्रही घोषित झाले.

या शांत किनाऱ्यावर सरफोजीराजे दुसरे यांनी बांधलेला आठमजली, षट्कोनी मनोरा उभा आहे. निमित्त होते इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाचे! भोसले कुळातील राजाने परक्यांच्या जयाचे स्मारक उभारावे, हे वाचून आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांना राग आला. मलाही पूर्वी येत असे. परंतु 1799 च्या तहानंतर राजांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर एवढीच सत्ता उरली होती, हे विसरून न्यायनिवाडा करणे सोपे असते. राज्य गेलेल्या या राजाने आपले सामर्थ्य ग्रंथांत गुंतवले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 साली भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला.

मुदपाकखानाही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. राजवाड्यातील पाककृतींचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ त्याच दरबारातला. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले, ही कथा मात्र मी वर्गात आख्यायिका म्हणूनच सांगते. तिला भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा मला डांगर अधिक विश्वासार्ह वाटते. उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेली ‘डांगर पच्चडी’ तंजावरच्या तमिळ घरांतही आपल्या मराठी नावानिशी नांदते आहे.

व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास स्थापलेले राज्य 1855 मध्ये खालसा झाले. दरबार संपला, तरी बोली घरात राहिली. शैक्षणिक सहलीत आम्ही ज्या मराठी कुटुंबात जेवलो, तेथील आजींचे ‘येवा, बसा’ ऐकून मुले आनंदली. निघताना मी त्यांच्याकडे डांगराची कृती मागितली. त्यांनी ती झरझर लिहून दिली. भाषा मराठी, लिपी तमिळ. “आम्हांला देवनागरी कोण शिकवणार, बाई? शाळा कुठे होती?” त्या सहज म्हणाल्या.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यम कशासाठी, असे पालक मला दरवर्षी प्रवेशाच्या वेळी विचारतात. त्या दिवशी मी काही बोलले नाही. आजी वाचत गेल्या आणि आमच्या दोन मुलींनी तीच कृती देवनागरीत उतरवून घेतली. त्या दोन्ही प्रती आज शाळेच्या ग्रंथालयात एकाच चौकटीत लावलेल्या आहेत.