आयन क्रोमॅटोग्राफीतील वाढीव प्रतिदाब
आयन क्रोमॅटोग्राफी उपकरणातील नळ्या व स्तंभ द्रावणाच्या प्रवाहाला जो विरोध करतात, त्यामुळे पंपावर येणारा दाब म्हणजे प्रतिदाब होय. प्रवाहदर व तापमान तेच असताना हा दाब वाढल्यास मार्गात अडथळा असण्याची शक्यता असते. नमुन्यातील गाळ, सूक्ष्मजीवांची वाढ आणि पंपाच्या झिजलेल्या सीलचे कण ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

अडथळा शोधण्यासाठी शोधकाकडून पंपाच्या दिशेने एकेक भाग वेगळा करून दाब तपासतात. जो भाग काढताच दाब एकदम उतरतो, त्यातच अडथळा असतो. अनेकदा तो रक्षक स्तंभाच्या प्रवेशमुखावरील गाळणीत आढळतो. सप्रेसरच्या पुढील अडथळा अधिक घातक ठरतो; सप्रेसरचे पटल स्तंभाच्या तुलनेत फारच कमी दाब सहन करते व फाटू शकते. प्रतिबंधासाठी नमुना ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळून घेतात.