लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट कशी करायची? आणि ती ४८ अंकी की कुठे ठेवायची?

तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचं स्टोरेज बहुतेक आधीच एन्क्रिप्टेड आहे. अँड्रॉइड १० (२०१९) घेऊन आलेल्या आणि त्यानंतरच्या नव्या फोनना ते सक्तीचं आहे. स्वस्त प्रोसेसरवाले फोन त्यामुळे अडखळू नयेत म्हणून गुगलने त्याच वर्षी अ‍ॅडिअँटम नावाची हलकी पद्धतही आणली. लॅपटॉपचं मात्र असं गृहीत धरू नका, ते आपणच तपासायला लागतं.

लॉगिन पासवर्ड आहे की, मग भीती कशाची? तर तो पासवर्ड विंडोज सुरू झाल्यावर दारात उभा राहतो. कुणी पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू केलं, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर विंडोज सुरूच होत नाही आणि सगळे फोल्डर समोर उघडे. यासाठी हॅकर असावं लागत नाही, दहा मिनिटं पुरतात.

आता एटापल्लीसारख्या तालुक्याचा विचार करा. गडचिरोलीतल्या या पेसा क्षेत्रात अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. त्याचा हिशोब गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराच्या लॅपटॉपवर असतो. त्यात संकलन करणाऱ्यांची यादी, त्यांचे बँक खाते क्रमांक, आधारची स्कॅन, वनहक्क दाव्यांचे नकाशे, शिवाय घरच्यांचे जातीचे दाखले. मशीन बिघडलं की ते आलापल्लीला, नाहीतर थेट चंद्रपूर-नागपूरला जातं आणि आठ-आठ दिवस अनोळखी टेबलावर पडून राहतं. म्हणजे प्रश्न एका माणसाच्या फोटोंचा नाही, अख्ख्या गावाच्या कागदांचा आहे.

विंडोजवर: आधी बघा, मग चालू करा

सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे जा. होम आवृत्तीत हाच पर्याय असतो, प्रो आवृत्तीत बिटलॉकर पूर्ण रूपात मिळतो. पर्याय दिसतच नसेल तर सिस्टिम इन्फॉर्मेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. तिथे ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन सपोर्ट’ असलेल्या ओळीत कारण लिहिलेलं असतं. बऱ्याचदा टीपीएम चिप बायोसमध्ये बंद असते, एवढंच.

बटण आधीच चालू दिसलं तर दचकू नका. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती (२०२४) नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला, की हे आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. इथे एक गोष्ट नक्की विचारा: सेटअप करताना ईमेल कुणाचा टाकला होता? दुकानदाराचा किंवा पुण्याला राहणाऱ्या चुलत भावाचा असेल, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्यांच्या खात्यात आहे.

बंद असेल तर आधी महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत बाजूला काढा, चार्जर लावा आणि चालू करा. मध्येच लाइट गेली आणि मशीन बंद पडलं तरी बिटलॉकर पुढच्या वेळी राहिलेलं काम पुढे नेतो.

४८ अंकांची गोष्ट

डिस्क उघडणारी किल्ली टीपीएम चिप सांभाळते. सुरू होताना सगळं नेहमीसारखं दिसलं की ती किल्ली सोडते. मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट झालं किंवा डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये गेली, की ती अडून बसते आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागते, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती नसेल तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्टकडे फोन करूनही काही होत नाही.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती तशी सोपी होती, एक फाइल काढून टाकायची. पण एन्क्रिप्ट केलेल्या मशीनवर त्याआधी ही की टाकावी लागत होती, आणि काही ठिकाणी कीची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोच बंद पडलेला!

ऑनलाइन खात्यातली की बघायला दुसरं उपकरण, इंटरनेट आणि बऱ्याचदा ओटीपी लागतो. भर पावसाळ्यात नेटवर्क आणि लाइट दोन्ही गायब असताना हे तिन्ही जुळून येणं कठीण. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: की कागदावर लिहा. सोबत की आयडीची पहिली आठ अक्षरं लिहा, कारण रिकव्हरीच्या पडद्यावर तीच दिसतात आणि कुठल्या मशीनची की ते कळतं. लिहिल्यावर दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावून अंक जुळवा. एक कागद घरच्या सातबाऱ्याच्या पेटीत ठेवा. हिशोब ग्रामसभेचा असेल तर दुसरा कागद ग्रामसभेच्या दप्तरात, सीलबंद पाकिटात. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र अजिबात नको.

लिनक्स आणि मॅक

मॅकवर फाइलव्हॉल्ट सेटिंग्जमधूनच चालू होतं, तिथेही रिकव्हरी की लिहून घ्या. उबुंटूमध्ये लक्स वापरतात. त्यासाठी इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शन निवडायचं, नंतर करायचं म्हणजे जवळपास नव्याने इन्स्टॉल करणं. पासफ्रेज इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण ती विचारली जाते तेव्हा मराठी कीबोर्ड सुरू झालेला नसतो. लक्सची एक सोय मला फार आवडते: लक्स २ मध्ये पासफ्रेजसाठी ३२ जागा असतात. हिशोब ठेवणाऱ्याची एक, सचिवांची वेगळी, असं करता येतं, आणि एक माणूस गाव सोडून गेला तर फक्त त्याची पासफ्रेज काढून टाकता येते. पण सगळ्याच विसरलात तर मागे कुठलीही की ठेवलेली नसते.

हे कशापासून वाचवत नाही

मशीन चालू आणि लॉगिन असताना डिस्क उघडीच असते. तेव्हा आत शिरलेल्या व्हायरसला एन्क्रिप्शन दिसतसुद्धा नाही. म्हणून दुरुस्तीला देताना झाकण नुसतं मिटू नका, पूर्ण शटडाउन करा. स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला रिकव्हरी की लागत नाही. कुणी मागितली तर कशासाठी ते विचारा. कारागिराला मशीन तपासायचंच असेल तर तो स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू करून तपासू शकतो, त्याला तुमच्या फाइल्स वाचता येणार नाहीत.

आणि ती बाजूला काढलेली प्रत? पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी केली की ती तिथे साधीच असते. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर टू गोने पेन ड्राइव्हलाही कुलूप लावता येतं. होम किंवा लिनक्सवर मोफत मिळणारं व्हेराक्रिप्ट वापरा. फक्त त्याचा पासवर्डही त्याच कागदावर लिहायला विसरू नका.