नदीच्या अलीकडे

सेन नदी रंगवणारे पुरुष पुष्कळ. रेन्वारने १८७२ साली पॅरिसचा पाँ नफ पूल रंगवला, तो एका कॅफेच्या माडीवरून. खाली त्याचा भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्यांना काहीबाही विचारून थांबवायचा, तेवढ्यात वर हा त्यांना कागदावर घ्यायचा. गंमतच की! त्याच सुमाराला बर्त मोरिझोनेही हीच नदी रंगवली. पण चांगल्या घरातली मुलगी एकटी कॅफेत जाऊन बसणार? छे!

ती पासीला आईवडिलांकडे राहायची. जवळच त्रोकादेरोची टेकडी. तिथून दिसलं ते तिचं शहर: खाली सेन, पलीकडे मोकळं मैदान, लांबवर अँव्हालिदचा घुमट. आयफेल टॉवर अजून व्हायचा होता, तो १८८९ चा. अलीकडे, टेकडीवरच, दोन बायका आणि एक लहान मुलगी. आता हे बघा, १८७१ साल नुकतंच सरलेलं. प्रशियाच्या वेढ्यात पॅरिसने घोडे नि उंदीरसुद्धा खाल्ले होते. पाठोपाठ कम्यूनच्या धामधुमीत मोठमोठ्या इमारती जळाल्या. वेढ्यात बर्त शहरातच होती, तब्येत पार बिघडली तिची. चित्रात मात्र धूर नाही, फिकट उजेड तेवढा. काहींना हे डोळेझाक करणं वाटेल, मला नाही वाटत. आजारपण उलटून गेल्यावर खिडक्या उघडणाऱ्या बाईला हा उजेड ओळखीचा असतो.

तिथल्या सरकारी कलाशाळेत १८९७ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. बर्त आणि तिची बहीण एडमा शिकवणी लावून शिकल्या. शिक्षक गिशार यांनी आईला आधीच बजावलं होतं, की या मुली खऱ्याखुऱ्या चित्रकार होतील आणि तुमच्यासारख्या घरात तो अनर्थ ठरेल. आईने तरी शिकवणी बंद केली नाही. त्या माउलीला माझा नमस्कार! एडमाने १८६९ मध्ये लग्न झाल्यावर कुंचला जवळजवळ खाली ठेवला. बर्तने तेहतिसाव्या वर्षी लग्न केलं आणि रंगवत राहिली. इंप्रेशनिस्टांची आठ प्रदर्शनं झाली, त्यांतल्या सातांमध्ये तिची चित्रं होती. चुकलं ते १८७९ चं, लेकीच्या जन्मानंतरचं.

१८९५ मध्ये ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, 'व्यवसाय नाही'. आपल्याकडे शिरगणतीवाला दारात आला की घरातलं कुणीतरी आपल्याबद्दल हेच सांगतं, नाही का? नदीचं ते चित्र सध्या अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या संग्रहालयात आहे.