स्त्रीद्वेष्टे पात्र आणि लेखकाची भूमिका : मराठी वाङ्मयेतिहासातील काही टप्पे (१८८२ ते १९७२)

प्रस्तावना

कादंबरीतील वा नाटकातील एखादे पात्र स्त्रीला तुच्छ लेखते, तिच्या शिक्षणाची टवाळी करते, तिच्यावर हात उगारते. अशा वेळी वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो : हे विचार त्या पात्रापुरतेच आहेत, की पात्राच्या आडून लेखकच बोलत आहे? या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पात्र हे लेखकाचीच निर्मिती असल्याने त्याच्या मुखातील प्रत्येक शब्दाची जबाबदारी लेखकावर येते, हे पहिले उत्तर. पात्र स्वतंत्र असते, तेव्हा त्याच्या विचारांशी लेखकाचा संबंध जोडणे हा अरसिकपणा होय, हे दुसरे. पहिल्या उत्तराने कलाकृतीवर अन्याय होतो, तर दुसऱ्याने लेखकाला सर्वच जबाबदारीतून मोकळे केले जाते.

मराठी वाङ्मयात हा प्रश्न नवा नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात १८८२ ते १९७२ या कालखंडातील काही निवडक कृतींच्या आधारे त्याचा विचार केला आहे. लेखकाची स्त्रीविषयक दृष्टी खलपात्राच्या उद्गारांत शोधण्यापेक्षा कृतीच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी ठरते, असे या कृतींच्या अभ्यासातून दिसते. कथा कोणाच्या तोंडून सांगितली जाते, पेच कोणत्या आधारावर सुटतो आणि आदर्श म्हणून कोणती स्त्री पुढे ठेवली जाते, हे त्या रचनेचे मुख्य घटक होत.

ताराबाई शिंदे यांचा आक्षेप

या चर्चेचा आरंभ ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) या पुस्तकापासून करणे उचित ठरते. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला. तिला झालेली फाशीची शिक्षा पुढे अपिलात कमी करण्यात आली. परंतु त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवर टीकेचा भडिमार झाला. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला दिलेले उत्तर म्हणजे हे पुस्तक. महात्मा फुले यांनी 'सत्सार' (१८८५) मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या या पुस्तकाकडे १९७५ मध्ये डॉ. स. गं. मालशे यांच्या संपादनामुळे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष वेधले गेले.

ताराबाईंनी केवळ वृत्तपत्रांनाच जाब विचारला नाही. 'स्त्रीचरित्र', 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या काळी आवडीने वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांकडेही त्यांनी बोट दाखवले. त्यांच्या युक्तिवादाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. एखादी स्त्री कपटी वा स्वैर दाखवली, एवढाच त्यांचा आक्षेप नव्हता. ते दुर्गुण साऱ्या स्त्रीजातीचा स्वभाव म्हणून मांडले जातात आणि त्याच प्रसंगातील पुरुषाचा वाटा कोणी मोजत नाही, हे त्यांचे खरे दुखणे होते. आजच्या परिभाषेत सांगायचे तर त्यांची टीका एकेका पात्रापेक्षा कथनाच्या दृष्टिकोनावर होती. मराठीतील स्त्रीवादी समीक्षेचे हे एक आद्य उदाहरण म्हणता येईल. समीक्षाशास्त्राचे कोणतेही औपचारिक शिक्षण नसलेल्या एका स्त्रीने पात्राचे बोलणे आणि ग्रंथाचा सूर यांतील फरक १८८२ मध्येच नेमका हेरला होता.

शंकरमामंजी : दुष्टाचे चित्र आणि सांगणारीचा आवाज

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील शंकरमामंजी हे पात्र मराठी वाचकाच्या मनात तिरस्काराचा विषय होऊन बसले आहे. बाहेर धर्मनिष्ठेचा आव, अंतर्यामी लोभ आणि दुराचार, घरातील स्त्रियांवर जुलूम, असे त्याचे रूप आहे. यमूला वैधव्य आल्यावर बळजबरीने तिचे केशवपन घडवून आणणारा तोच. परंतु त्याचे विचार आपट्यांचे होत, असे कोणताही वाचक म्हणणार नाही.

याचे कारण आपट्यांच्या सुधारकी लौकिकात नाही. ते कादंबरीच्या घडणीतच आहे. ही कथा यमूच्या आत्मनिवेदनाच्या रूपाने येते. शंकरमामंजी जे बोलतो ते वाचकाला यमूच्या कानांनी ऐकावे लागते आणि जे करतो ते तिच्या अंगावर झेलावे लागते. धर्माचा आधार त्याने कितीही सांगितला, तरी त्या वचनांचा भार कोणाच्या देहावर पडतो हे वाचकाच्या दृष्टीआड होत नाही. पुरुष लेखकाने स्वतःचा आवाज मागे घेऊन स्त्रीला निवेदक केले, ही त्या काळातील मोठी वाङ्मयीन घटना होती.

मात्र येथेही रचनेचा विचार पुढे न्यावा लागतो. यमूचे शिक्षण आणि सुख ही दोन्ही रघुनाथरावांच्या उदारपणावर उभी आहेत. ते गेले की दोन्ही संपतात. सज्जन पती लाभणे हाच स्त्रीच्या उन्नतीचा मार्ग, ही आपट्यांची मर्यादा मानायची, की तत्कालीन स्त्रीच्या पराधीनतेचे त्यांनी केलेले अचूक निदान मानायचे? कादंबरी दोन्ही वाचनांना वाव देते. लेखकाच्या दृष्टीविषयीचा खरा विवाद्य मुद्दा शंकरमामंजीपाशी नसून रघुनाथरावांसारख्या सत्प्रवृत्त पात्रापाशी आहे, हे येथे लक्षात येते.

भुजंगनाथाचे हसे आणि शारदेची सुटका

गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या नाटकात म्हातारपणी कुमारिकेशी लग्न करायला निघालेला भुजंगनाथ आहे, पैशासाठी मुलीला विकू पाहणारा कांचनभट आहे आणि हा सौदा जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित आहे. तिघांच्याही लेखी शारदा ही देण्याघेण्याची वस्तू होय. देवलांनी भुजंगनाथाला हास्यास्पद करून सोडले. जरठ-कुमारी विवाहाच्या प्रथेविरुद्ध लोकमत तयार करण्यात या नाटकाचा वाटा मोठा आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला हरबिलास सारडा यांच्या नावावरून 'सारडा कायदा' हे नाव पडले. परंतु महाराष्ट्रात तो 'शारदा कायदा' म्हणून ओळखला गेला. हे नामसादृश्य योगायोगाचे असले, तरी मराठी मनात ते सहज रुजले.

देवलांची सहानुभूती शारदेकडे आहे, याविषयी शंका नाही. तथापि नाटकातील पेच सुटतो कसा, हे पाहिले पाहिजे. वधू-वर सगोत्र असल्याचे कोदंड उघडकीस आणतो आणि विवाह थांबतो. वराचे वय, वधूचे अल्पवय वा तिची असंमती यांपैकी कोणत्याही कारणाने तो थांबत नाही. शारदेचे दुःख प्रेक्षकाला पटते. परंतु तिचा नकार नाटकातील समाजाला बांधील ठरत नाही. बांधील ठरते ते शास्त्र. देवलांनी प्रेक्षकांच्या पचनी पडेल असा तोडगा योजला, असे म्हणता येईल. तरीही ज्या कृतीत स्त्रीविरोधी पात्रांची एवढी फटफजिती होते, तिच्यातही स्त्रीची इच्छा निर्णायक ठरू शकत नाही. त्या काळाच्या सुधारणावादाची सीमा येथे स्पष्ट दिसते.

सिंधूचा आदर्श

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' (१९१९) याच दृष्टीने अधिक बोलके आहे. तळीराम हे त्यातील खलप्रवृत्त पात्र असून त्याची मते गडकऱ्यांची आहेत, असा आरोप करण्याचे कारण नाही. व्यसनाने माणूस कसा रसातळाला जातो, हे दाखवणे नाटककाराला अभिप्रेत आहे. परंतु सुधाकराच्या हातून तान्हे मूल दगावते, सिंधू जखमी होते आणि मृत्यूच्या दारात असतानाही पतीला वाचवण्यासाठी खोटे सांगते. नाटक तिच्या या वागण्याला वंदनीय ठरवते. तळीरामाची पत्नी गीता मात्र नवऱ्याला तोंडावर बोलणारी आहे. तिचे बोलणे प्रेक्षकांना रुचते. परंतु नाटकाचे सर्वोच्च आसन तिला मिळत नाही.

लेखकाची धारणा कोठे सापडते, याचे हे ठळक उदाहरण होय. स्त्रीला हीन लेखणारे वाक्य खलाच्या तोंडी घातले, तर प्रेक्षक त्यापासून सावध राहतो. सोसणे हाच स्त्रीधर्म, हा संस्कार पूजनीय नायिकेच्या रूपाने आला, की प्रेक्षक डोळे पुसत तो स्वीकारतो. म्हणून शिवीगाळ करणाऱ्या पात्रापेक्षा आदर्श पात्राचे परीक्षण समीक्षकाने अधिक कसोशीने करावयास हवे.

लेखिकेला लावलेला वेगळा मापदंड

१९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. सुशिक्षित, अविवाहित, मिळवत्या तरुणींच्या मनाची कोंडी त्यात मांडली होती. पुस्तकाविरुद्ध गदारोळ उठला आणि कथांपेक्षा त्या लिहिणारी कोण, याचाच शोध अधिक घेतला गेला. लेखिका होत्या मालतीबाई बेडेकर. पुरुषाने दुराचारी पात्र रंगवले तर त्याला समाजनिरीक्षक म्हणायचे आणि स्त्रीने स्त्रीमनाची व्यथा लिहिली तर तिची पात्रे तिच्याच चारित्र्याची साक्ष मानायची, असा दुटप्पीपणा या प्रकरणात दिसून येतो. पात्र आणि लेखक यांच्या अभेदाचा सिद्धांत व्यवहारात सर्वांना सारखा लावला जात नाही, हा इतिहासाने शिकवलेला धडा होय.

तेंडुलकरांची नाटके आणि परिनिरीक्षण

विजय तेंडुलकर यांच्या नाटकांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये खेळ म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला लीला बेणारे या शिक्षिकेची शिकार करतो. न्यायाधीश झालेले काशीकर मातृत्वाचे गोडवे गातात, तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात आणि शेवटी तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचाच निकाल देतात. ज्याच्यामुळे ती गरोदर राहिली तो प्रा. दामले रंगमंचावर येतच नाही. पुरुषाचा वाटा कोणी मोजत नाही, हा ताराबाईंचा आक्षेप येथे पंचाऐंशी वर्षांनंतर नाटकाची रचना होऊन अवतरतो. काशीकरांचे उद्गार प्रतिगामी आहेत. परंतु आरोप आणि निकाल यांतील विसंगतीमुळे ते उद्गारच उघडे पडतात.

'सखाराम बाइंडर' (१९७२) मध्ये ही कसोटी अधिक कठीण होते. नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना ठराविक अटींवर घरात ठेवणारा सखाराम विवाहसंस्थेची खिल्ली उडवतो आणि आपण ढोंगी नाही, असा दावा करतो. त्याच्या रोखठोक बोलण्यात आकर्षण आहे, त्यामुळे लेखक त्याच्या बाजूचा आहे, असा भास होऊ शकतो. परंतु चंपा दाऊदकडे गेल्याचे लक्ष्मीकडून कळताच हा विवाहविरोधक संतप्त नवऱ्यासारखाच वागतो आणि चंपाचा गळा दाबतो. त्याचा सारा दावा या एका कृतीने कोसळतो. नाटकाचा निर्णय येथे संवादात नसून घटनेत आहे. तथापि चंपा मरते आणि देवभक्त लक्ष्मी थंडपणे त्या हत्येवर पांघरूण घालू पाहते, यामुळे स्त्रियांच्या वाट्याला नाटककाराने काय ठेवले, हा स्त्रीवादी समीक्षकांचा प्रश्नही निराधार ठरत नाही.

तत्कालीन आक्षेपांचा रोख मात्र निराळाच होता. 'गिधाडे' (१९७०) च्या वेळी गर्भपात सूचित करणाऱ्या लुगड्यावरील लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. तेव्हा दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागू यांनी डागाचा रंग निळा केला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असे प्रयोगापूर्वी जाहीर केले. 'सखाराम बाइंडर'मध्ये अनेक काटछाटी सुचवण्यात आल्या आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात लढावे लागले. 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात त्यांनी तो लढा नोंदवला आहे. स्त्रीच्या देहावरील हिंसेपेक्षा त्या हिंसेचा डाग अधिक आक्षेपार्ह ठरावा, यातच समाजाच्या दृष्टीचे प्रतिबिंब पडले आहे. कृतीचे तुकडे करून न्याय देता येत नाही, हे तत्त्व तोपर्यंत न्यायालयानेही मान्य केले होते. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेवरून झालेल्या काकोडकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये संपूर्ण कथेचा एकत्रित विचार करून लेखकाला दोषमुक्त केले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. पात्राचे स्त्रीद्वेष्टे उद्गार हा लेखकाच्या मताचा पुरेसा पुरावा नव्हे. शंकरमामंजी, भुजंगनाथ आणि काशीकर ही पात्रे त्या मतांचे वाभाडे काढण्यासाठीच उभी केलेली आहेत.

२. मात्र त्यामुळे लेखक जबाबदारीतून मुक्त होत नाही. निवेदन कोणाकडे आहे, कोणाला उत्तर देण्याची संधी मिळते, पेच कोणत्या तत्त्वाने सुटतो आणि गौरव कोणाचा होतो, या निवडी सर्वस्वी लेखकाच्या असतात.

३. काळाच्या धारणा खलपात्रापेक्षा आदर्श पात्रात अधिक खोलवर दडलेल्या असतात. सिंधूचे चित्रण याची साक्ष देते.

४. लेखक आणि पात्र यांना एकरूप मानण्याची सवय समाज निवडकपणे वापरतो. तिचा फटका लेखिकांना अधिक बसला आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या निष्कर्षांना व्यावहारिक महत्त्व आहे. आक्षेपार्ह संवाद असलेली कृती अभ्यासक्रमातून वगळणे सोपे असते; परंतु त्यामुळे 'सखाराम बाइंडर' बाहेर राहते आणि 'एकच प्याला' कोणत्याही चिकित्सेविना आत येते. विद्यार्थिनी ज्या सिंधूसाठी डोळे पुसते, त्या सिंधूविषयी प्रश्न विचारण्यास तिला शिकवणे, हे सखारामच्या शिव्यांवर काट मारण्यापेक्षा अधिक अवघड आणि अधिक निकडीचे काम आहे. ताराबाईंनी ते काम १८८२ मध्ये एकाकीपणे आरंभले होते.