माता-शिशु अनुबंध : नवजात अतिदक्षता विभागातील

गर्भावस्थेचे 37 आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले, अत्यल्प वजनाचे अथवा जन्मतःच रुग्ण असलेले अर्भक उपचारार्थ आईपासून दूर, अतिदक्षता विभागात ठेवावे लागते, तेव्हा त्याच्यात व त्याच्या जन्मदात्यांत स्पर्श, गंध, स्वर, दूध आणि नित्याची शुश्रूषा यांच्या द्वारे जे स्नेहबंधन निर्माण होते, किंवा होता होता राहते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. हे बंधन उपचार संपल्यानंतर, घरी गेल्यावर, सावकाश जुळत जाईल, अशी समजूत वैद्यकात दीर्घकाळ रूढ होती. गेल्या अर्धशतकातील अनुभवाने ती खोटी ठरविली असून आईचा सहवास हे उपचाराचेच एक अंग होय, असे आता निःशंकपणे म्हणता येते.

पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी 1880 च्या सुमारास अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी उबपेटी वापरात आणली. त्यांचे उत्तराधिकारी पिएर ब्यूदँ यांना थोड्याच काळात दिसून आले, की ज्या बाळाची काळजी वाहण्याचा प्रसंगच आईवर येत नाही, त्या बाळाविषयीची तिची ओढ ओसरू लागते व प्रसंगी ती त्याला टाकूनही देते; म्हणून आईने रुग्णालयात यावे, स्वतःचे दूध पाजावे, पेटीच्या काचेतून तरी बाळाला पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. हा आग्रह पुढे विस्मरणात गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संसर्गाच्या भयाने रुग्णालयांनी आईबापांना सरसकट मज्जाव केला, आणि जंतूंपासून बाळाचे रक्षण करावयाचे म्हणून जन्मदात्यांनी काचेबाहेरून दर्शन घेऊन परतावे, हाच शिरस्ता पडला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे 1960 नंतरच्या दशकात आयांना प्रायोगिक रीत्या या विभागात प्रवेश देण्यात आला, तेव्हा संसर्ग वाढला नाही. ज्या भयापोटी इतक्या आया बाहेर उभ्या राहिल्या, ते प्रत्यक्षात निराधार ठरले.

बालरोगतज्ज्ञ मार्शल क्लाउस व जॉन केनेल यांनी 1972 मध्ये 28 मातांच्या निरीक्षणावरून एका निबंधात असे मांडले, की जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अधिक सहवास लाभलेल्या माता पुढेही बाळाशी अधिक जवळिकीने वागतात. या निबंधाने प्रसूतिगृहांचे अनेक जाचक नियम शिथिल झाले, हे त्याचे मोठे श्रेय होय. परंतु ते पहिले तास हुकले की अनुबंध कायमचा हुकला, असा जो अर्थ त्यातून काढण्यात आला, तो टिकला नाही, आणि पुढे त्या दोघांनीही आपले विधान सौम्य केले. ज्या आईला शस्त्रक्रियेमुळे किंवा स्वतःच्या आजारामुळे बाळाला कित्येक दिवस हातही लावता आला नाही, तिच्या मनावर हा चुकीचा अर्थ अपराधाचे ओझे लादतो, म्हणून तो खोडून काढणे अगत्याचे आहे. मानवी वात्सल्य उशिरा सुरू होऊनही पूर्णत्वाला जाते. मात्र त्याला वाव द्यावा लागतो.

तो वाव कसा द्यावा, याचे उत्तर दारिद्र्यातून आले. कोलंबियाच्या राजधानीतील, बोगोता येथील माता-बाल रुग्णालयात उबपेट्या अपुऱ्या होत्या, एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत आणि संसर्गाने मृत्यू होत. अशा स्थितीत एदगार रेय सानाब्रिया यांनी 1978 मध्ये बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभे बांधण्याची पद्धत सुरू केली व एक्तोर मार्तिनेस गोमेस यांनी ती पुढे नेली. कांगारूच्या मादीवरून हिला ‘कांगारू मातृसेवा’ हे नाव पडले. बाळाच्या अंगावर टोपडे, पायमोजे व लंगोट एवढेच ठेवून त्याला दोन स्तनांच्या मध्ये, हातपाय दुमडलेल्या स्थितीत, मान एका बाजूस वळवून व श्वासमार्ग मोकळा राहील अशी किंचित उचलून ठेवतात, आणि वरून कापडाने आधार देतात. आईच्या त्वचेची ऊब बाळाचे तापमान राखते, श्वास व हृदयगती स्थिरावतात, दूध वाढते. वारंवार उचलठेव केल्याने बाळाला शीण होतो, म्हणून एकेक बैठक निदान तासभर असावी लागते. आई आजारी असेल तर वडील, आजी किंवा मावशी हे काम तितक्याच निगुतीने करू शकतात, आणि वडिलांनी ते केले म्हणजे त्यांचाही बाळाशी संबंध जडतो. ज्या बापाला आपल्या समाजाने केवळ औषधे आणण्याच्या व पैसे भरण्याच्या कामावर नेमले आहे, त्याच्या बाबतीत या गोष्टीचे मोल फार आहे.

छातीशी घेणे शक्य नसते, तेव्हाही बरेच करता येते. सुमारे 34 आठवड्यांपूर्वी चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधत नाही. तोवर आईचे काढलेले दूध, विशेषतः पहिल्या दिवसांचा चीक, नळीवाटे देतात. स्वतःच्या हाताने काढलेले दूध बाळापर्यंत पोहोचते, हे पाहणे बाळंतिणीला आपण निरुपयोगी नाही याची पहिली खातरी देते. आईचे दूध पुरेसे येईपर्यंत दात्या मातांचे दूध उपयोगी पडते. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली मातृदुग्धपेढी आशियातील पहिली समजली जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावरून हलके हात फिरविण्यापेक्षा एक तळवा डोक्यावर व दुसरा पायांवर स्थिर ठेवणे त्याला अधिक सुखाचे वाटते. बोटे ताणणे, उचकी लागणे, रंग पालटणे, नजर वळविणे ही त्याच्या थकव्याची चिन्हे होत. परिचारिका ती आईला ओळखावयास शिकवते, तेव्हा यंत्रांच्या घंटांखाली दबलेल्या आईला आपल्या मुलाची भाषा कळू लागते.

या सहवासाचा जीविताशी संबंध आहे, याचा स्पष्ट पुरावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत 1 ते 1.8 किलो वजनाच्या 3,211 बाळांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने अभ्यास झाला. भारतातील रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग होते. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच त्वचास्पर्श सुरू केलेल्या गटात 28 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 12 टक्के, तर प्रचलित पद्धतीच्या गटात 15.7 टक्के आढळले. फरक इतका स्पष्ट होता, की निरीक्षण मंडळाच्या सल्ल्याने नव्या बाळांची नोंदणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. बोगोता येथील, कांगारू मातृसेवा लाभलेल्या मुलांची वीस वर्षांनंतर केलेली पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत त्यांच्यात आक्रमकपणा व शाळेतील गैरहजेरी कमी दिसली.

भारत सरकारने कांगारू मातृसेवेविषयी 2014 मध्ये, आणि नवजात कक्षातील कुटुंबाच्या सहभागाविषयी 2017 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये दिवसाचे 8 ते 24 तास त्वचास्पर्शाची शिफारस केली. ती अमलात आणावयाची तर प्रत्येक बाळाजवळ आईसाठी खाट, तिच्या जेवणाची व स्नानाची सोय, आणि तिला शिकविण्याइतकी फुरसत असलेल्या परिचारिका लागतात. नवे कक्ष मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही तजवीज यंत्रांच्या खरेदीबरोबरच अंदाजपत्रकात मांडावी, आणि भेटीच्या वेळेचा नियम आईबापांना लागू करू नये.