चुंबकीय अधिशोषके (प्रतिजैविकयुक्त पाण्यासाठी)

पाण्यात विरघळलेली द्रव्ये आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारी आणि काम झाल्यावर चुंबकाने ओढून काढता येणारी भुकटी. माणसांना व जनावरांना दिलेल्या प्रतिजैविकांचा बराच भाग जसाच्या तसा मलमूत्रातून बाहेर पडतो. औषध कारखान्यांचे सांडपाणी त्याहून कितीतरी तीव्र. नेहमीच्या शुद्धीकरणात हे रेणू पुरते निघत नाहीत आणि त्यांच्या सहवासात प्रतिरोधी जीवाणू फोफावतात.

भुकटीचा गाभा बहुधा मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा असतो. फेरस व फेरिक क्षार १:२ प्रमाणात विरघळवून अमोनिया सोडला की पिवळट-तपकिरी द्राव क्षणात काळा पडतो. चंचुपात्राला बाहेरून चुंबक लावला की काळा गाळ त्या बाजूला गोळा होतो. वरचे नितळ पाणी ओतून घ्यायचे, गाळणीची गरज नाही. नुसत्या मॅग्नेटाइटची धारणशक्ती बेताचीच, म्हणून त्याला सक्रियित कार्बन, कायटोसान किंवा जैवकोळशाची जोड देतात. मराठवाड्यात बांधावर पेटवून दिल्या जाणाऱ्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा कोळसाही चालतो. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांचे वलयी रेणू कार्बनच्या थरांना चिकटतात. पाण्याचा सामू बदलला की रेणूंवरचा विद्युतभार बदलतो आणि पकडही कमीजास्त होते.

प्रयोगशाळेत लिटरला सुमारे १ ग्रॅम भुकटी वापरली जाते. त्याच हिशेबाने १ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाण्याला १,००० टन लागेल. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर (जि. हिंगोली, १९६८) धरणाची साठवण शेकडो दलघमींची, तिथे हा उपाय निव्वळ कागदी ठरेल. त्याची खरी जागा कारखान्याच्या किंवा रुग्णालयाच्या सांडपाण्याच्या टाकीत. शिवाय प्रतिजैविक इथे नष्ट होत नाही, फक्त जागा बदलते. भुकटी मिथेनॉलने वा अल्कलीने धुऊन पुन्हा वापरता येते, पण त्या धुवणाचे काय करायचे, हे बहुतेक शोधनिबंध थोडक्यात उरकतात.

हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. तिथला नक्कावागू ओढा मांजरेला मिळतो. बीड-लातूरकडून आलेली मांजरा पुढे गोदावरीत जाते. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा केंद्र सरकारचा मसुदा जानेवारी २०२० मध्ये निघाला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळण्यात आल्या.