वाड्याखालचा हंडा आणि कायथ्याच्या बांगड्या

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात रात्री शेताशेतांतून बॅटऱ्या लुकलुकू लागल्या. 'छावा' चित्रपट नुकताच येऊन गेला होता. त्यात मुघलांचे बुऱ्हाणपूर आणि तिथली लूट लोकांनी पाहिली, आणि कुदळी, चाळण्या, काही जण तर चक्क मेटल डिटेक्टर घेऊन मोहरा शोधायला निघाले. बातमी वाचून आपण हसलो. पण उज्जैनच्या मराठी माणसाने फार हसू नये. आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या वाड्याला एक हंडा चिकटलेला असतोच. कुणाच्या देवघराखाली, कुणाच्या जिन्याखाली, आणि त्यावर वेटोळे घालून बसलेला नाग.

ही समजूत अगदीच पोकळ नाही. राणोजी शिंद्यांपासून दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेर जवळ करेपर्यंत शिंद्यांची राजधानी इथे होती. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या पलटणी मोडल्या, तेव्हा शहरातल्या सावकाराने रोकड कुठे ठेवली असेल? बँका नव्हत्या. भिंत किंवा जमीन, एवढेच दोन मार्ग. पुरणारा प्रत्येक जण ते काढायला परत आलाच असेल असे नाही. शिवाय वास्तुशांतीत आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमा पुरायची आपली रीत आहे. म्हणजे घराखाली काहीतरी धातू असतोच.

सध्या २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते रुंद होत आहेत, जुनी घरे पडत आहेत. आमच्या ओळखीतला एक वाडा पाडला, तेव्हा घरातलाच एक कॉलेजात जाणारा मुलगा असे यंत्र घेऊन आला. दांड्याच्या टोकाला तारेचे कडे. त्यातून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, खाली धातू असला की त्यात वीज खेळते आणि यंत्र वाजते. माळव्याच्या काळ्या मातीत बेसाल्ट खडकातले लोह मिसळलेले, त्यामुळे ते उगीचच कुरकुरतही होते. दोन दिवसांत खिळे, कड्या, एक कोयंडा आणि एक हिरवे पडलेले तांब्याचे नाणे निघाले. आमच्यासमोरच त्याने ते चिंच लावून घासले. नाणे लखलखले, त्यावरची पुसट अक्षरे मात्र हिरव्या थराबरोबर निघून गेली.

यंत्राचे दुसरे दुखणे समजायला कायथा पाहावे. उज्जैनपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे गाव वराहमिहिराचे जन्मस्थान मानले जाते. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९६४ मध्ये तिथल्या टेकाडाचे महत्त्व ओळखले. पुढे विक्रम विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी तिथे उत्खनन केले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घरातल्या मडक्यांत जपून ठेवलेला ऐवज सापडला: तांब्याच्या बांगड्या, अकीक आणि कार्नेलियनच्या मण्यांच्या माळा, शंखजिऱ्याचे इवले इवले मणी. खरा हंडा म्हणावा तो हाच! आता तिथे आधी यंत्र पोहोचले असते तर? बांगड्यांवर वाजले असते. मडके कुदळीखाली फुटले असते, मणी मातीत गेले असते, कारण दगड यंत्राला ऐकूच येत नाही. बांगड्या बाजारात कुणीतरी विकल्या असत्या, आणि माळव्यातल्या त्या घरात बांगड्या आणि माळा एकत्र जपल्या जात, हे कुणालाच कळले नसते.

उज्जैनच्या गढीचेही तेच. मो. ब. गर्दे यांनी ग्वाल्हेर संस्थानातर्फे १९३८-३९ मध्ये आणि नि. र. बॅनर्जी यांनी १९५५ ते १९५८ मध्ये इथे खणले ते थर मोजत. पावसाळ्यात त्या बाजूला माती धुपली की आजही कधी उज्जैनी चिन्हाचे, म्हणजे अधिकाच्या चार टोकांना चार वर्तुळे असलेले, तांब्याचे नाणे वर येते. कुठे आणि कोणत्या थरात मिळाले हे ठाऊक असेल तर ते बोलते, नाहीतर मुके.

कायदाही जुनाच आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. लपवला तर एक वर्षापर्यंत कैद. लोक घाबरतात ते यालाच, म्हणून मुकाट्याने वितळवतात. पण त्याच कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जागामालकाचा वाटाही सांगितला आहे, आणि सरकारने ठेवा ठेवून घेतला तर मोबदलाही द्यावा लागतो, हे फार थोड्यांना माहीत असते. वाडा पाडताना मजुरांना आधी सांगून ठेवावे, वस्तू दिसली की हात थांबवून फोटो घ्यावा, खोली आणि खोलगटपणा लिहून ठेवावा, घासू नये. यंत्राची गरजच नाही.

ते चिंचेने घासलेले नाणे आता त्या घरच्या देव्हाऱ्यात आहे. मुलगा म्हणतो अंगणात मिळाले, त्याची आजी म्हणते जिन्याखाली.